दवाचा वाटा

चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं काढलेल्या बाईला पाव नंबरने काय होतं हे शिकवावं लागत नाही. पाव नंबर इकडचा तिकडे झाला, की गिऱ्हाईक आठव्या दिवशी कपाळ चोळत दारात हजर. म्हणून ताई प्रत्येक काच दोनदा तपासायची, काचा घासणाऱ्या कारागिराला नको नको करून सोडायची, आणि चुकीच्या बाबतीत नाकावर माशी बसू द्यायची नाही. दुकानात सगळे तिला ताई म्हणत, घरी नवरा 'अगं' म्हणे, आणि रोज सकाळी सात वाजता रेडिओवर आठ-नऊ माणसं तिला 'दादांची बहीण' म्हणत. यातलं शेवटचं तिला खुपायचं.

रेडिओ म्हणजे गाण्यांचा नव्हे. ताईकडे हौशी रेडिओचा परवाना होता, रीतसर परीक्षा देऊन मिळवलेला. गच्चीवर अँटेना, मधल्या खोलीत कपाटाशेजारी यंत्र, हातात माइक. माइकचं बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की दुसऱ्याचं ऐकायचं. शहरातली असली सगळी खुळी मंडळी रोज सातला हवेत भेटत, आणि त्या भेटीला ते 'नेट' म्हणत. नेट चालवायचे दातांचे डॉक्टर. दिवसभर लोकांना तोंड उघडं ठेवून गप्प बसवायचं, त्याची भरपाई म्हणून सकाळी सगळ्यांना बोलतं करायचं, असं ते स्वतःच सांगत. ताईची पाळी आली की ती हवामान वाचून दाखवी: तापमान, वारा, हवेचा दाब, आणि चोवीस तासांतला पाऊस.

कारण गच्चीवर अँटेनेच्या जोडीला तिचं हवामान केंद्र होतं. पगारातून एकेक तुकडा आणून तिने ते उभं केलं होतं आणि सगळं पुस्तकं वाचून, चुकतमाकत शिकली होती. वारा मोजायला गरगर फिरणाऱ्या तीन वाट्या, तापमानाला पांढऱ्या तबकड्यांचा पिंजरा, आणि पावसाला एक नरसाळं. नरसाळ्याखाली सी-सॉसारख्या दोन चिमुकल्या पळ्या. एक भरली की कलंडायची, दुसरी वर यायची. प्रत्येक कलंडण्याला दोन दशांश मिलिमीटर पाऊस, आणि तेवढा एक ठोका तारेतून खाली खोलीतल्या डब्याकडे. डबा तो मिनिटागणिक लिहून ठेवायचा. शिवाय ताई रोज वहीत उतरवायची. अकरा वर्षांच्या अकरा वह्या झाल्या होत्या.

दादा तिचा थोरला भाऊ. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेला, दोन गल्ल्या पलीकडे राहणारा. रेडिओची दीक्षा त्यानेच दिली होती. ती परकरात असताना त्याने जेवणाच्या ताटावर चमच्याने टकटक करून तिला मोर्सची अक्षरं शिकवली होती, आणि आईचा मार दोघांनी वाटून खाल्ला होता. पाऊस दादाही मोजायचा, पण त्याचा कारभार जुन्या वळणाचा. अंगणात मधोमध पत्र्याचं नरसाळं, खाली बाटली, आणि सकाळी बरोबर सातच्या आधी काचेच्या मापात ओतून डोळ्यांनी वाचायचं. त्यात वीज नाही, तार नाही, ठोका नाही.

आता एकाच शहरात, एकाच आभाळाखाली, दोन गल्ल्यांच्या अंतराने दोन माणसं पाऊस मोजत असली की थोडाफार फरक पडायचाच. नऊ वर्षं तो थोडाफारच होता. गेली दोन वर्षं मात्र ताईचा पाऊस दादापेक्षा जास्त भरू लागला. वर्षाअखेरी बेरीज केली, तर तब्बल एकशे तीस मिलिमीटर जास्त.

दादा म्हणाला, "तुझं यंत्र बिघडलंय."

ताई म्हणाली, "तुझी बाटली गळतेय."

ताईने डब्यातल्या नोंदी चाळल्या, तेव्हा तिला एक गंमत सापडली. आभाळ कोरडं ठणठणीत असलं तरी रोज सकाळी सात-सव्वासातच्या सुमारास तिच्या नरसाळ्यात दोन, कधी चार दशांश पाणी पडत होतं. रोज सकाळी! तिने खूप डोकं खाजवलं आणि मग उजेड पडला. दव! गच्ची उंच, पत्रा थंड. रात्रभर नरसाळ्याच्या अंगावर दव साचत असणार आणि कोवळं ऊन लागलं की थेंब एकत्र होऊन खाली ओघळत असणार. दादाचं नरसाळं अंगणात, भिंतींच्या उबेत. त्याला दव कुठून मिळणार? ताईने या शोधावर 'पावसाच्या मोजणीत दवाचा वाटा' असा चार पानी लेख लिहिला, आणि तो हौशी रेडिओवाल्यांच्या मासिकात तक्त्यांसकट छापून आला. नवऱ्याने त्याला प्लॅस्टिकचं वेष्टण घातलं.

नेटवर दादा एवढंच म्हणाला, "दव एवढं पडत असेल तर बादली लावा, धुणं तरी होईल."

सगळे हसले. ताईच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने बटण दाबलं आणि सगळ्यांच्या देखत, म्हणजे सगळ्यांच्या ऐकत, म्हणाली, "ज्यांना मापावरची रेघ दिसत नाही त्यांनी दुकानात यावं. नंबर फुकट काढून देईन."

या वेळी कुणी हसलं नाही. दादाने आपला पाऊस सांगितला, सगळ्यांना रामराम केला आणि यंत्र बंद केलं. पुढच्या महिन्यात वहिनीकडून कळलं, की दादाने नवा चष्मा केला, तोही बाजारातल्या दुसऱ्या दुकानात. बहिणीचं दुकान ओलांडून तो पुढे गेला होता. ताईला वाटलं, यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तेव्हापासून तो नेटवर आकडा सांगे आणि तिचा उल्लेख 'गच्चीवरचं केंद्र' असा करी.

असं सव्वा वर्ष गेल्यावर हवामान कार्यालयाचं पत्र आलं, दोघांनाही एकाच दिवशी. शहरातल्या एका हौशी निरीक्षकाची पावसाची नोंद कार्यालयाच्या वार्षिक पुस्तकात दरवर्षी छापली जाणार होती. केंद्र एकच घेणार. पंधरा दिवसांनी, शुक्रवारी, अधिकारी येऊन दोन्ही ठिकाणं आणि दोन्हीकडच्या वह्या पाहतील.

ताईने पत्र तीनदा वाचलं. त्या पुस्तकात केंद्राच्या नावासमोर निरीक्षकाचं नाव छापतात हे तिला ठाऊक होतं. तिथे 'दादांची बहीण' छापत नाहीत. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या बाईचं, तिचं स्वतःचं, पाळण्यातलं नाव सरकारी पुस्तकात येणार होतं. तिला ते इतकं हवं होतं, की नवऱ्याजवळही ती उघड बोलली नाही. फक्त वह्यांना नवे पुठ्ठे घातले.

"मिळणार तुलाच," नवरा म्हणाला. तो शाळेच्या ग्रंथालयात होता आणि पुस्तकांच्या पाठी डिंकाने सरळ करण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. "तुझ्याकडे आलेख आहेत. दादांकडे बाटली."

तेवढ्यात ताईचा घसा बसला.

बसला म्हणजे पार बसला. सोमवारपासून तोंडातून नुसती हवा. मिठाच्या गुळण्या झाल्या, दवाखान्यातल्या गोळ्या झाल्या. दुकानात ती पाटीवर लिहून गिऱ्हाइकांशी बोलू लागली. कारागीर म्हणाला, "ताई, आठवडाभर असंच राहू द्या, फार बरं वाटतंय," तेव्हा तिने पाटीवर लिहिलं, 'ऐकू येतंय मला.' नेटवर ती नुसती ऐकत बसायची. नवऱ्याकडे परवाना नव्हता, त्यामुळे आकडे ती डॉक्टरांना फोनवर लिहून पाठवी आणि ते वाचून दाखवत.

त्या आठवड्यात थंडी चांगली पडली होती. सकाळी गच्चीचा कठडा ओला असायचा, कपडे वाळत घालायच्या दोरीवरून थेंब लोंबायचे, कुंड्यांमधली पानं चिंब. दवाला यापेक्षा सोयीचं हवामान मिळालं नसतं. पण डब्यात मात्र शून्य. मंगळवारी शून्य, बुधवारी शून्य, गुरुवारी शून्य. ताई वर जाऊन नरसाळ्यात बोट फिरवून आली. बोट ओलं झालं. पळ्या मात्र हलल्या नव्हत्या. जाळी तुंबली असेल म्हणून तिने ती काढून धुतली. रविवारीही शून्य.

पुढच्या मंगळवारी घसा जरा मोकळा झाला. घोगऱ्या आवाजात तिने नेटवर हजेरी लावली, डॉक्टरांनी चौकशी केली, तिने आकडे सांगितले, पाच-सहा वेळा बोलणं झालं. नेट संपल्यावर तिने डबा पाहिला. चार दशांश.

"आलं बाई दव," ती नवऱ्याला म्हणाली. "मला वाटलं, हरवलंच की काय."

आणि मग तिचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

ती परत खुर्चीवर बसली. माइक उचलला, पण तोंडासमोर धरला नाही. डब्याच्या पडद्यावर नजर ठेवून, ओठ घट्ट मिटून, तिने नुसतं बटण दाबलं. सोडलं. दाबलं. सोडलं. तिसऱ्या खेपेला पडद्यावरचा चारचा आकडा सहा झाला. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

यंत्रातून डॉक्टरांचा आवाज आला, "कुणाचं तरी बटण अडकलंय का? बघा जरा आपापलं."

ताईने मूग गिळून माइक खाली ठेवला.

कसं झालं ते समजायला पाच मिनिटंही लागली नाहीत. ती उठून बाहेर गेली आणि भिंतीकडे पाहिलं. अँटेनेची जाड तार आणि पावसाच्या नरसाळ्याची बारीक तार गच्चीवरून खाली येत होत्या, एकमेकींना खेटून, एकाच क्लिपांच्या ओळीत. प्रत्येक क्लिपमध्ये बरोबर एक वीत अंतर, पट्टी लावून ठोकल्यासारखं. दोन वर्षांपूर्वी घराला रंग दिला तेव्हा नवऱ्याने लोंबत्या तारा पाहून नाक मुरडलं होतं आणि एका रविवारी खपून हे काम केलं होतं. ताई बोलू लागली की जाड तारेतलं जोरदार बोलणं बारीक तारेत झिरपायचं, आणि डब्याला वाटायचं, वर पळी कलंडली. पाऊस असेल त्या दिवशी तर नेटवर प्रत्येक जण तिला विचारायचा, किती झाला, अजून किती येणार. मग ती जास्त बोलायची आणि पाऊस आणखी वाढायचा.

नवरा शेजारी येऊन उभा राहिला. तिने त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे," तो क्लिपांकडे बघत म्हणाला, "माझ्या क्लिपा."

"तुमच्या क्लिपा आणि माझं तोंड."

"मी आत्ता तार वेगळी करतो. संध्याकाळपर्यंत दुरुस्त. शुक्रवारी अधिकारी येतील तेव्हा यंत्र ठणठणीत असेल. मग झालं की!"

पण बोलता बोलता त्याचाच आवाज उतरला, कारण तो ग्रंथपाल होता आणि पान फाटलेलं पुस्तक फडताळात गुपचूप परत ठेवणाऱ्या माणसांबद्दल त्याची काय मतं होती, ती दोघांनाही तोंडपाठ होती.

दुकानात अर्ध्या दिवसाची रजा कळवून ताई मधल्या खोलीत बसली. रेडिओवाल्यांना नोंदवही ठेवायची सवय असते. किती वाजता बोललो, किती वाजता थांबलो, ताई मिनिटासकट लिहायची. ती वही एका हाताला, डब्याच्या मिनिटागणिक नोंदी दुसऱ्या हाताला. कोरड्या दिवसांचं काम सोपं होतं. ती बोलली ते मिनिट आणि पाऊस पडला ते मिनिट एकच. लाल पेनाने काट मारायची. एकही दव वाचलं नाही. पावसाच्या दिवसांपाशी मात्र पेन थांबलं. ती बोलत होती त्या मिनिटात खरा पाऊसही पडत होता; त्यातला आभाळाचा किती आणि तिचा किती, हे आता कोण सांगणार? तिने त्या दिवसांसमोर प्रश्नचिन्ह घातलं. तासाभरात वही गोवर आलेल्या पोरासारखी दिसू लागली. शेवटी तिने दोन्ही वर्षांच्या पहिल्या पानावर आडवी रेघ मारली आणि लिहिलं: 'ही नोंद वापरू नये.' अक्षर नेहमीसारखंच आलं.

नऊ वर्षं शाबूत होती. पण अधिकारी नेमकी अलीकडची वर्षं बघणार, आणि अलीकडची वर्षं म्हणजे दादाची बाटली.

"दादांना जाऊन सांगून ये," नवरा म्हणाला. "घरात, चार भिंतींत. ते काही गाजावाजा करणार नाहीत."

"मी त्याला चार भिंतींत नव्हतं टाकून बोलले."

बुधवारी सकाळी सातला ती यंत्रासमोर बसली. नवऱ्याने तार वेगळी करायला शिडी काढली होती. तिने त्याला थांबवलं. डॉक्टरांनी पुकारलं तशी तिने तापमान सांगितलं, वारा सांगितला, दाब सांगितला. मग म्हणाली, "आता पाऊस. जरा थांबा हं, बघून सांगते. गच्चीवर ऊन आहे. आभाळात ढगाचं नाव नाही. मी बोलायला लागले तेव्हा डब्यात शून्य होतं. आता दोन दशांश आहे. मंडळी, हा पाऊस नाही आणि दवही नाही, ही मी आहे. गेली दोन वर्षं मीच पडतेय. मी बोलते तेव्हा माझं यंत्र मोजतं. मासिकातला लेख चूक, माझे दोन वर्षांचे आकडे चूक, आणि दादाची बाटली बरोबर. त्याला चष्म्यावरून जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून सगळ्यांसमोर परत घेते. ओव्हर."

बटण सोडलं. यंत्रातून नुसती खरखर येत राहिली. कुणी पुढे येईना.

मग दादाचा आवाज आला. "किती वॉटवर बोलतेस?"

"पन्नास."

"तारा एकत्र बांधल्यास?"

ताईने खिडकीबाहेर शिडीवर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं. "बांधल्या गेल्या."

"ठमे," दादा म्हणाला, आणि हे नाव हवेत आजवर कुणी ऐकलं नव्हतं, "पन्नास वॉटची तार आणि मोजणीची तार एका क्लिपेत? तुला मी शिकवलं होतं का गं हे? कशाला हात लावू नका. मी येतो. ओव्हर."

"नाश्ता करून जा," मागून वहिनीचा आवाज आला. दादाचं बोट अजून बटणावर होतं. नेटवर सगळ्यांनी ते ऐकलं.

शुक्रवारी हवामान कार्यालयातली अधिकारी आली. मुलगीच होती, जेमतेम पंचविशीची, खांद्याला पिशवी, हातात मोजपट्टी. आधी दादाचं अंगण पाहून आली होती. गच्चीवर तिने नरसाळ्यापासून कठड्याचं अंतर मोजलं, कठड्याची उंची मोजली, मग खाली येऊन वह्या उघडल्या. लाल पेनाच्या पानांवर ती बराच वेळ थांबली. ताईने काही झाकलं नाही आणि काही वाढवूनही सांगितलं नाही. दादा सोफ्याच्या टोकावर मांडीवर टोपी घेऊन बसला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, तो आपला आला होता.

"केंद्र अंगणातलं घेते," अधिकारी म्हणाली. "शेवटची दोन वर्षं वगळून मला केंद्र देता येणार नाही, मावशी."

"बरोबर आहे," ताई म्हणाली. हे वाक्य तिने दोन दिवस आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. ती चहा टाकायला आत गेली आणि साखरेचा डबा हातात घेऊन जरा वेळ तशीच उभी राहिली.

बाहेर आली तेव्हा त्या मुलीच्या हातात ते प्लॅस्टिकच्या वेष्टणातलं मासिक होतं. नवरा ते टीपॉयखालून काढायचं विसरलेला दिसत होता.

"हा लेख तुमचाच का?" तिने विचारलं. "आमच्या कार्यालयात आहे हा. आणखी तीन ठिकाणचे हौशी निरीक्षक त्यांच्याकडे जास्त पाऊस भरतो त्याला याचाच आधार देतात. म्हणतात, आमच्याकडेही सकाळचं दव पडतं."

"सकाळी किती वाजता?" दादाने विचारलं.

मुलीने आपली वही चाळली. "बहुतेक सात. एकाचं साडेसात."

दादाने ताईकडे पाहिलं. ताईने कपाळाला हात लावला. "त्यांचंही नेट असणार हो! अगं बाई, म्हणजे तीन शहरांत मी पडतेय."

त्या मुलीला हसू आवरेना. मग तिने सरळच विचारलं. हे कसं सापडलं, कसं तपासायचं, तारा कशा ठेवायच्या, असं दोन पानांत लिहून द्याल का? वार्षिक पुस्तकात निरीक्षकांसाठी सूचना छापतात, त्यात घालू. खाली तुमचं नाव देऊ.

"कशाबद्दल?" ताई म्हणाली. "चुकीबद्दल?"

"हो," अधिकारी म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलेलं दिसलं नाही.

ती गेल्यावर तिघं गच्चीवर आली. दादाने बुधवारीच बारीक तारेला झिरपणं अडवणारी लोखंडी कडी घालून खोटे ठोके थांबवले होते, पण तेवढ्यावर त्याचं समाधान नव्हतं. पावसाची तार घराच्या मागच्या बाजूने उतरवायची, असं त्याने ठरवलं होतं.

"भिंतीत भोक पाडावं लागेल," तो म्हणाला.

"रंगाला दोनच वर्षं झालीत, दादा," नवरा म्हणाला.

"त्या रंगापायीच तर हे सगळं झालं, जावईबापू."

ताई पाण्याच्या टाकीच्या सावलीत पालथ्या बादलीवर बसली आणि मांडीवर वही घेऊन पहिली ओळ लिहू लागली. हसं होईल ते होऊ दे, पण त्या तीन माणसांनी वाचलं पाहिजे, म्हणजे सुरुवात सोपी हवी. तिने लिहिलं: 'कोरड्या दिवशी, अजिबात न बोलता, माइकचे बटण दहा वेळा दाबून पाहावे.'

दादाने खांद्यावरून वाकून वाचलं, तिच्या हातातलं पेन घेतलं आणि 'अजिबात' खोडलं. "एवढा जोर कशाला? सूचना आहे, भांडण नाही."

ताईने पेन परत ओढून घेतलं आणि 'अजिबात' पुन्हा लिहिलं, आधीपेक्षा ठळक.